करवंटीची कसोटी

संपादकांनी जलशुद्धीकरण केंद्राच्या आधुनिकीकरणावर लिहायला धाडलं होतं. मी खिळले ती मात्र शेडच्या कोपऱ्यातल्या एका उंच पारदर्शक नळीपाशी. तळाला खडी, त्यावर वाळू, वर करवंटीचा काळपट चुरा. मोठा फिल्टर बांधण्याआधी त्याची परीक्षा घेणारा हा पायलट.

करवंटी महाराष्ट्राला नवी नाही. अभियंते जे. एन. कर्डिले यांनी सत्तरच्या दशकात ती फिल्टरमध्ये आणली. रामटेक (१९७३), वरणगाव (१९७७), चांदोरी (१९८०) इथली कमी खर्चाची केंद्रं त्यांच्याच प्रयत्नांतली. परदेशात तिच्या जागी अँथ्रासाइट कोळसा घालतात.

पण करवंटीच का? ऑपरेटरने उत्तर न देता बॅकवॉशचा, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याचा, व्हॉल्व्ह उघडला. "आता बघा, मॅडम." पाणी खालून वर चढलं, थर फुगले, गाळ उसळून सगळं धूसर झालं. व्हॉल्व्ह बंद होताच वाळू आधी बसली, करवंटी मागाहून, आणि मधली रेघ पुन्हा उमटली. वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, करवंटी १.४ पटीच्या आसपास; म्हणून दाणा मोठा असूनही ती वरच राहते. नुसत्या वाळूचा फिल्टर धुतल्यावर बारीक दाणे वर येतात, गाळ वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकतो आणि फिल्टर लवकर तुंबतो. इथे तो खोलवर मुरतो. फार देखणी युक्ती आहे ही.

नळी अरुंद चालते. दाणा आणि थराची खोली मात्र खऱ्या फिल्टरइतकीच लागते. उजेडाने आत शेवाळ धरतं, म्हणून एरवी तिला काळं कापड गुंडाळलेलं असतं.

खरी अडचण नदीची; तिचं पाणी ऋतूगणिक बदलतं. शेजारी जार टेस्ट चालली होती: सहा बीकर, प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी. त्यातून मात्रा कळते, पण आजच्या पाण्याची. हिवाळ्यात कण इतके थोडे की एकमेकांवर आदळतच नाहीत, गाळाचा पुंजका, म्हणजे फ्लॉक, धरत नाही. उन्हाळ्यात शेवाळाचा त्रास. पहिल्या पुरात गढूळपणा एकदम चढतो आणि सकाळची मात्रा दुपारी निकामी ठरते. भारतीय मानकाला मात्र पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा बाराही महिने १ एनटीयूपर्यंतच (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) हवा. दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत सूट. पायलटने निदान एक पावसाळा तरी पाहायला नको का? हा सुरू झाला दिवाळीनंतर.

"जूनमध्ये नळी इथेच असेल ना?" मी विचारलं.

"कुठली, मॅडम! ठेकेदाराला मार्चअखेर अहवाल द्यायचाय. बिल तेव्हाच निघतं."