सांभाळणाऱ्यांची विचारपूस

घरातील वडील माणसास स्मृतिभ्रंश जडला की येणारे-जाणारे त्याची चौकशी करतात. त्याला न्हाऊ-जेवू घालणाऱ्या सुनेची वा लेकीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. साठी उलटलेल्या भारतीयांत या विकाराचे सुमारे ८८ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापायी किती घरे रात्री जागी असतील!

हे जागणे केवळ शरीराचे नव्हे. दिवेलागणीला रुग्णाची बेचैनी पुष्कळदा वाढते. ‘मला घरी जायचे आहे’ असा धोशा सुरू होतो, आणि घरात तर तो बसलेलाच असतो! ‘हेच आपले घर’ असे दहादा सांगूनही पटत नाही. कारण तो मागतो ते घर बहुधा बालपणीचे असते. अशा वेळी वाद न घालता ‘दादा, त्या घरी अंगणात काय काय होते?’ असे विचारावे. पटवून देण्याचा अट्टाहास सुटला की सांभाळणाऱ्याचाही निम्मा शीण उतरतो, असे आमच्या पाहण्यात आहे.

आपणां परप्रांतस्थ मराठी घरांपुढे आणखी एक पेच असतो. काही रुग्णांची मागाहून शिकलेली भाषा आधी विरते. इंदुरात उभा जन्म कचेरीत हिंदी बोललेले गृहस्थ आईच्या मराठीवर येतात. मग हिंदी बोलणारी बाई मदतीस ठेवूनही सुनेला उसंत नाही; प्रत्येक वाक्याला तिलाच हाक. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात माहुताची कन्नड बोलणारी बायको स्मृती हरपलेल्या संस्कृत पंडितांना लेकरासारखे सांभाळते. माया भाषेवाचून कळते, हे खरेच. पण रोजची तहान-भूक कळण्यास शब्द लागतात. म्हणून महिला मंडळातील कोणी आठवड्यातून दोन दुपारी रुग्णापाशी येऊन बसावे आणि सुनेने घराबाहेर पडावे. भाजी आणण्यासाठी नव्हे; देवळात, मैत्रिणीकडे, कोठेही. ‘म्हाताऱ्याला टाकून हिंडते’ म्हणणारे निघतीलच. त्यांना एक रात्र राखणीस बोलवावे.

चिडून ओरडल्यावर मागून रडू येते, हेही घरोघरी आहे. मात्र झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, जगणेच नकोसे वाटू लागले, तर सांभाळणाऱ्याने स्वतःसाठी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. मराठीतूनही बोलता येते. दुधाच्या हिशेबाशेजारी, कॅलेंडरवर, हा आकडा लिहून ठेवावा.