शुल्क ठरवते राजकारण

विद्यापीठाचे शुल्क केवळ शिकवण्याच्या खर्चावर ठरते, हा समज ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याने, खोटा पाडला. इंग्लंडमध्ये पदवीसाठी स्थानिकांना वर्षाला कमाल ९,२५० पौंड पडत. युरोपीय संघातल्यांनाही तेवढेच. ऑगस्ट २०२१पासून नव्याने येणारे बहुतेक युरोपीय विद्यार्थी ‘परदेशी’ ठरले. शुल्काची मर्यादा गेली, सरकारी कर्जही गेले. वर्ग तेच, प्राध्यापक तेच. पदवीचे युरोपीय प्रवेश मात्र त्या वर्षी जवळपास निम्म्यावर आले. हा कोविडचा परिणाम, असे कोणी म्हणेल. पण त्याच साथीत संघाबाहेरच्यांचे प्रवेश घटले नाहीत. जादा शुल्काची सवय असलेल्या भारतीयांना तर २०२१मध्ये सुरू झालेल्या, शिक्षणानंतर कामाची मुभा देणाऱ्या व्हिसाने ओढले. म्हणून शुल्कपत्रकाइतकेच, जिथे शिकायचे तिथल्या सरकारचे धोरणही वाचायला हवे.