जामीनदार नसलेला माणूस

कल्याणास दुर्गाडी किल्ल्याखालून खाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर कोन गाव लागते, आणि पुलाच्या अलीकडे, कल्याणातच, आधारवाडीचा तुरुंग आहे. शिक्षा देणे हा शासनसंस्थेचा अधिकार खरा. परंतु तिचा प्रत्यक्ष भोग किती कठोर व्हावा, हे बंद्यासाठी बाहेर धावणारे कोणी आहे की नाही यावर पुष्कळदा अवलंबून असते. भिवंडीच्या यंत्रमागांवर अगर गोदामांत राबणारा परप्रांतीय मजूर किरकोळ चोरीच्या आरोपाखाली पकडला गेला आणि त्याच्या जामिनाचा हुकूमही झाला, तरी ऐपतदार स्थानिक जामीनदार त्याने आणावा कोठून? दोषी ठरण्यापूर्वीच त्याची शिक्षा सुरू होते. २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन असे कच्चे कैदी होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली मुंबईत आरंभिलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प नेमका येथे उपयोगी पडतो. गावी निरोप धाडणे, विधिसेवा प्राधिकरणाचा वकील मिळवून देणे, जातमुचलक्यावर सुटकेसाठी अर्ज करविणे, सुटल्यावर निवारा व काम शोधणे, ही सारी कामे तुरुंगाधिकाऱ्याच्या रोजच्या कर्तव्यात सहसा बसत नाहीत. आणि ती कोणी केली नाहीत, तर सुटलेला माणूस पुन्हा त्याच फाटकाशी येण्याचा संभव मोठा.

पत्रकार शीला बर्से यांना मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरांपैकी पाच स्त्रियांनी पोलीसकोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांस त्या स्त्रियांची, दुसऱ्या कोणाच्याही उपस्थितीविना, मुलाखत घेण्यास धाडले. आणि १९८३ च्या निकालात स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री शिपायांचाच पहारा असावा, असे फर्मावले. एरवी मात्र असा प्रवेश तुरुंगखात्याच्या मर्जीवर राहतो, आणि ज्याने अन्याय उघड करावा त्यालाच परवानगी गमावण्याचे भय असावे, ही स्थिती मला अत्यंत अनुचित वाटते. वास्तविक १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाने मान्यताप्राप्त संस्थेने पुरविलेल्या माणसालाही परिवीक्षा अधिकारी होण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने, प्रथमच दोषी ठरलेल्या आणि पाच हजारांहून कमी किमतीचा चोरलेला ऐवज परत करणाऱ्या माणसास सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. ती सेवा कोठल्या इस्पितळात वा शाळेत, कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, हे ठरविताना अशा संस्थांस हक्काचे स्थान नियमांतच लिहून दिले पाहिजे.