सुटलेली सवय परतली तर

इटलीतल्या पार्मा भागात 1990च्या दशकात शाळांमधून आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून एक पोस्टर लागलं होतं. अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा तसं करू लागलं तर मधुमेहाची शंका घ्या, हा त्याचा गाभा. डॉक्टरांना साखर मोजायची साधनंही दिली होती. पूर्वी तिथली 78 टक्के मुलं निदान होईपर्यंत कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये गेलेली असत. मोहिमेनंतर हे प्रमाण 12.5 टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे अशा मुलाला बहुधा आधी ओरडा बसतो. मग 'रात्री पाणी पिऊ नकोस' अशी ताकीद मिळते, आणि ती घातक आहे. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. साखर रक्तात साचते, लघवीवाटे पाणी ओढून नेते, म्हणून मूल घटाघटा पाणी पितं. पोटभर जेवूनही वाळत जातं. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं. त्यातून कीटोन तयार होऊन रक्त आम्लधर्मी होतं. हाच कीटोअ‍ॅसिडोसिस. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही, हे आजी-आजोबांनाही सांगायला हवं, कारण घरात दोष बहुतेक वेळा आईच्या माथी मारला जातो.

पुढची लक्षणं फसवी असतात. पोटदुखी, उलट्या झाल्या की अपचन वाटतं, क्वचित अपेंडिक्ससुद्धा. खोल, जोरजोरात श्वास चालला की न्यूमोनिया वाटतो. एक खूण मात्र लक्षात ठेवावी: उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलाला लघवी कमी व्हायला हवी, ती भरपूर होत असेल तर त्याच क्षणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर साखर तपासा. अशा लक्षणांसह ती 200च्या वर असेल तर उद्याची वाट पाहू नये. मूल सुस्त होत असेल, श्वास वेगळा वाटत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं.

निदान झालेल्या मुलांच्या घरी वेगळा धोका असतो. ताप आला, मूल जेवत नाही, म्हणून इन्सुलिनच बंद केलं जातं. आजारपणात इन्सुलिनची गरज उलट वाढूही शकते. डोस डॉक्टरांना विचारून बदलावा, पण इन्सुलिन पूर्ण थांबवू नये. साखर दर तीन-चार तासांनी आणि सोबत कीटोनही तपासावेत. झाडपाल्याच्या औषधावर विसंबून इंजेक्शन सोडणं तर जिवावर बेतू शकतं.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर उलट 70च्या खाली गेली, घाम आला, हात थरथरू लागले तर लगेच ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी द्यावं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. घरी ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारं इंजेक्शन) असेल तर ते टोचावं आणि रुग्णालय गाठावं.

आणखी एक गोष्ट औषधाच्या दुकानातली. आपल्याकडे इन्सुलिन 40 आणि 100 अशा दोन तीव्रतांत मिळतं, सिरिंजही त्यानुसार वेगळी असते. 40च्या बाटलीतलं औषध 100च्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर मुलाला चारच युनिट मिळतात. उलट घोळ झाला तर डोस अडीचपट होतो. सिरिंज घेताना बाटली सोबत न्यावी आणि दोन्हींवरचा आकडा जुळतो का ते काउंटरवरच पाहावं.