घाणेरीचं मूळ दुखणं मातीखाली

केळीच्या बागेत वाघ दिसला की मुक्ताईनगर तालुक्यात दोन दिवस दुसरा विषय नसतो. वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलातले वाघ पूर्णाकाठच्या केळीत का येतात, यावर भरपूर लिहून झालं आहे. तिथे गारवा आहे, पाणी आहे, रानडुकरं आहेत. पण जंगलातल्या गवताचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेतल्या निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वाघांचा वावर असलेल्या देशातल्या जंगलांपैकी १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे ४० टक्क्यांवर क्षेत्रात घाणेरी पोहोचल्याचा त्यांचा अंदाज आहे. घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं, हे झुडूप जिथे दाटतं तिथे गवताला ऊन मिळत नाही, आणि गवत गेलं की हरणांचं पोट कशावर भरणार?

हे झुडूप आलं ते बागेची शोभा म्हणून. मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. युरोपातल्या काचघरांत माळ्यांनी त्याचे संकर केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोहोचलं. आपल्या रानात आज जी घाणेरी आहे ती या संकरांची संतती.

फुलांसाठीच तिला आणलं, आणि फूल आहेही विलक्षण. एक गुच्छ हातात धरून पाहावा: मधली फुलं पिवळी, कडेची केशरी-गुलाबी. कडेची आधी उमलतात, म्हणून ती वयाने मोठी. ब्राझीलमध्ये राहणारे निसर्ग-अभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी डार्विनला कळवलं होतं की तिथल्या घाणेरीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळं होतं आणि जांभळ्या फुलाला फुलपाखरं शिवत नाहीत. हे निरीक्षण १८७७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे दिल्ली विद्यापीठातले एच. वाय. मोहन राम आणि गीता माथुर यांनी दाखवलं की परागण झालं की पाकळीत लाल रंगद्रव्य तयार व्हायला लागतं. जुनी फुलं गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबून भरगच्च दिसतो. जवळ आलेलं फुलपाखरू मात्र नेमकं मध असलेल्या पिवळ्या फुलावर बसतं.

फळं काळी-जांभळी, मण्यांएवढी. बुलबुल, साळुंक्या ती खातात आणि झाडाझाडाखाली बिया टाकत जातात. पानं मात्र विषारी आहेत. गुरांनी ती खाल्ली तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.

खान्देशच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा, कोरड्या उतारांवरची घाणेरी पानं गाळते. १९६९ साली घोषित झालेल्या यावल अभयारण्यासारख्या पानझडी जंगलात मग ती मेल्यासारखी दिसते. मेलेली नसते. उलट तिच्या वाळक्या काटक्यांवरून वणवा जमिनीवरून वर चढतो आणि झाडांना लागतो. मृगाचा पाऊस पडला की जळलेल्या बुंध्यातूनच नवे धुमारे फुटतात.

म्हणून कोयत्याने वरून छाटण्यावर होणारा खर्च वाया जातो. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांचं काम इथे फार मोलाचं आहे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की नवे कोंब खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातूनच येतात. तेव्हा कुदळीने माती थोडी उकरायची, त्या भागाच्या खाली, जमिनीत तीन-चार सेंटीमीटरवर, मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून उलटं टाकायचं. मुळं वर, फांद्या खाली. उन्हात ते तिथेच वाळतं. औषध नको, जेसीबी नको; जेसीबीने माती खणली की उलट बियांनाच मोकळी जागा मिळते. हे काम फळं धरण्याआधी व्हायला हवं.

कीटकांवर भिस्त ठेवून झाली आहे. हवाईत १९०२ मध्ये मेक्सिकोतून कीटक आणून सोडले, भारतातही पानांचा रस शोषणारा एक ढेकूण १९४१ मध्ये आणला; घाणेरी हटली नाही. म्हैसूरकडच्या माले महादेश्वर डोंगरात सोलिगा लोक तिच्या फांद्यांचं फर्निचर करतात. रोजगार म्हणून ते उत्तमच, पण बुंधा जमिनीत राहिला तर जंगल तसंच राहतं.

सातपुड्यातल्या पावरा, तडवी मजुरांना कुदळ नवी नाही आणि मजुरीची गरजही आहे. माझा आक्षेप आहे तो कामाच्या मोजमापाला. किती हेक्टर साफ झालं, यावर काम संपवलं तर दोन पावसाळ्यांत घाणेरी पुन्हा उभी राहते. मोकळ्या जागी लगेच मारवेल, शेडा यांसारखं गवत पेरलं पाहिजे, आणि पाखरं बसतात त्या झाडांखाली उगवलेली रोपं पुढची काही वर्षं पावसाळ्यात हाताने उपटत राहिलं पाहिजे. कंत्राटात या दोन्ही कामांचे पैसे आधीच धरावे लागतील.