शरणपूरचा आफ्रिकी वारसा : इतिहासदर्शनाचे नवे साधन

गोदावरीच्या उगमापाशी वसलेल्या त्र्यंबकेश्वरी कुशावर्त, ब्रह्मगिरी आणि पेशवेकालीन मंदिर आपला इतिहास स्वतःच सांगतात. परंतु ज्यांच्या मागे वास्तू उरली नाही, अशा सामान्य माणसांचा इतिहास कोणी सांगावयाचा? त्र्यंबकेश्वरपासून सुमारे २८ किलोमीटरवरील नाशिक शहरातील शरणपूर परिसर हाच प्रश्न आपणापुढे ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडीत असे. त्यांतून सुटका झालेली काही आफ्रिकी मुले मुंबईस आणली जात. त्यांपैकी अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर येथील आश्रमात ठेवून शिक्षण व हस्तव्यवसाय शिकविण्यात येई. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हा त्यांच्या तुकडीत नाशिकचे तरुण होते. पुढे १८७२ मध्ये आणखी काही जण त्यांना जाऊन मिळाले. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक होय. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाल्यावर सोबत्यांनी त्यांचा देह कित्येक महिन्यांची पायपीट करून समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधी झाला, त्या वेळी वेनराइट उपस्थित होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही वसाहत उभी राहिली आणि नाशिकचे अनेक आफ्रिकी तेथे स्थायिक झाले.

महाराष्ट्रास आफ्रिकी वारसा नवा नाही. हबसाणात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला. खुलताबादची त्याची कबर आणि सिद्दींचा जंजिरा आजही उभे आहेत. शरणपूरच्या मुलांच्या वाट्याला मात्र ना किल्ला आला, ना कबरीचा घुमट. म्हणूनच त्यांची आठवण जपण्यास वेगळे साधन हवे.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजेच संवर्धित वास्तव, हे असे साधन ठरू शकते. मोबाइलचा कॅमेरा फलकावरील विशिष्ट चित्र किंवा संकेतचिन्ह ओळखतो आणि समोर दिसणाऱ्या प्रत्यक्ष दृश्यावरच जुने छायाचित्र, नकाशा, चित्राकृती अथवा ध्वनी यांची जोड देतो. उपग्रहाच्या साहाय्यानेही स्थळ निश्चित करता येते. परंतु दाट वस्तीत त्यात काही मीटरांची चूक संभवते. म्हणून फलकावरील चिन्ह अधिक भरवशाचे. माहिती आधीच साठवून ठेवल्यास नेटवर्क नसतानाही अडचण येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यास मोबाइल हवा असेही नाही. एका गटास एक संच पुरतो.

तथापि तंत्र जितके प्रभावी, तितकी जबाबदारी मोठी. वेनराइटची रोजनिशी आणि छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्याच्या बहुसंख्य सोबत्यांचे चेहरे आपणास ज्ञात नाहीत. अशा ठिकाणी कल्पनेने रंगविलेला चेहरा खरा म्हणून दाखविणे, ही त्यांची दुसऱ्यांदा केलेली उपेक्षाच ठरेल. पुरावा कोणता आणि कल्पनाचित्र कोणते, हे पडद्यावर स्पष्ट शब्दांत नमूद असावे. गुलामगिरीचे दुःख हा करमणुकीचा विषय होऊ नये. ‘जेकब वेनराइट’ हे जन्मनाव नव्हे, ते पुढे मिळालेले नाव आहे, ही एक गोष्टसुद्धा विद्यार्थ्यांना पुष्कळ काही शिकवून जाईल.

या कार्याचा आरंभ शाळेपासून व्हावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून जुने नकाशे, गॅझेटिअर आणि वृद्धांच्या आठवणी यांचे संकलन करवून घ्यावे व जाणकारांकडून ते तपासून घ्यावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी फलकासाठी जागा द्यावी आणि त्याची देखभाल कोण करणार, हे प्रथमच ठरवावे. देखभालीवाचून असा फलक दोन पावसाळ्यांत निरुपयोगी होतो. मजकूर साध्या मराठीत असावा आणि मोबाइल नसलेल्या वाटसरूसाठी त्याचा सारांश फलकावर छापलेला असावा.

२०२७ च्या सिंहस्थात देशभरातून भाविक नाशिक-त्र्यंबकेश्वरी येतील. आश्रयास आलेल्या परदेशी बालकांनाही या भूमीने एके काळी ठाव दिला होता, हे त्यांना कळावे. घरापासून तोडल्या गेलेल्या मुलांची सत्य ओळख त्यांना परत मिळवून देणे, हेच या नव्या साधनाचे खरे प्रयोजन होय.