सांडपाण्यावर पिकणारीं तळीं

नगर किती वाढलें, हें त्याच्या राजमार्गांवरून कळतें. तें किती काळ टिकेल, हें मात्र त्याच्या गटारांवरून कळतें. मोरींतील पाणी दृष्टीआड झालें कीं नागरिकास त्याचा विसर पडतो. परंतु तें नाहींसें होत नाहीं. कोठल्या तरी नदीस, खाडीस वा शेजारच्या खेड्यास त्याचा भार सोसावा लागतो. हा भार दुसऱ्यावर न लादतां मोठें शहर नांदूं शकेल काय? या प्रश्नाचें एक उत्तर कोलकाता, म्हणजे पूर्वींचें कलकत्ता, येथील मच्छीमारांनीं देऊन ठेविलें आहे.

हें शहर हुगळीच्या पूर्व तीरावर वसलें आहे. पण तेथील जमिनीचा उतार नदीकडे नसून उलट पूर्वेच्या दलदलीकडे आहे. म्हणून एकोणिसाव्या शतकांत शहराचें मैलापाणी त्या दिशेस, विद्याधरी नदीकडे, वळविण्यांत आलें. पुढें ती नदी गाळानें भरली व १९२८ मध्यें मृत म्हणून जाहीर झाली. भरतीचें खारें पाणी येईनासें झालें, तेव्हां मच्छीमारांनीं तळ्यांत शहराचें सांडपाणीच घेऊन मासे पोसण्यास आरंभ केला. अशा तळ्यास तेथें ‘भेडी’ म्हणतात.

यांत जादू कांहीं नाहीं. तळीं उथळ असल्यामुळें सूर्यप्रकाश खोलवर पोंचतो. सूक्ष्म जंतू घाणीचें विघटन करतात. त्यांतून मोकळ्या झालेल्या द्रव्यांवर शेवाळ वाढतें. शेवाळ प्राणवायू सोडतें, व तोच प्राणवायू जंतूंस पुन्हां कामास लावतो. वाढलेलें शेवाळ रोहू, कटला, मृगळ इत्यादि मासे खातात. कांठावर राखलेली जलपर्णी लाटांपासून बांध सांभाळते. थोड्याच आठवड्यांत निवळलेलें पाणी पुढें भातशेतीस जातें. जवळच धापा येथें शहराच्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो. अशा रीतीनें शहर जें टाकतें, तेंच अन्नरूपानें त्याच्या बाजारांत परत येतें, आणि शुद्धीकरणाच्या यंत्रांवरील मोठा खर्चही वांचतो.

अभियंते ध्रुवज्योती घोष यांनीं या व्यवस्थेचा शास्त्रीय अभ्यास करून तिचें महत्त्व जगापुढें मांडलें. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशास २००२ मध्यें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमि म्हणून मान्यता मिळाली.

तथापि संकट टळलेलें नाहीं. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत याच पाणथळीचा एक भाग बुजवून सॉल्ट लेक ही वसाहत उभी राहिली. १९९२ मध्यें कलकत्ता उच्च न्यायालयानें उरलेल्या भूमीचा उपयोग बदलण्यास मनाई केली आणि २००६ मध्यें स्वतंत्र कायदा झाला; तरीही भराव चालूच राहिला. शिवाय कारखान्यांचें विषारी पाणी घरगुती सांडपाण्यांत मिसळलें, तर जंतू व मासे दोघेही हतबल होतात.

प्रत्येक शहरास असा उतार, असें ऊन व अशी जमीन लाभेलच असें नाहीं. म्हणून कोलकात्याची नक्कल सर्वत्र साधणार नाहीं. पण तत्त्व सर्वांस लागू आहे. आपल्या भूमीचा कल ओळखावा, कारखान्याचें विष घराच्या मळापासून वेगळें ठेवावें, आणि सखल जागा रिकामी दिसते म्हणून ती निरुपयोगी मानूं नये. तळें बुजविल्यास भूखंडाची किंमत एकदांच हातीं येते. तळें राखल्यास तें रोज शहराची सेवा करतें. या सेवेचें बिल कोणी पाठवीत नाहीं, म्हणूनच तिचें मोल हिशेबाच्या वहींत चढत नाहीं. तें चढविण्याची रीत ज्या शहरास साधेल, त्याचीच वाढ टिकाऊ ठरेल.